नाकानोकाकूंचा ऑगस्ट

फेब्रुवारी लागला की आमच्या पोरिरुआच्या घरामागच्या टेकडीवर सिकाडा ओरडायला लागतात. आपल्या रातकिड्याचाच हा थोराड भाऊ, पण हा भर दुपारी उन्हात ओरडतो आणि एकटा कधी ओरडत नाही. सकाळी दहाच्या सुमारास कुठल्यातरी झाडावर एक सुरू होतो आणि अकरापर्यंत अख्खी टेकडी किरकिरत असते. माझी चार वर्षांची ईरा कुंपणाला चिकटलेली त्यांची टरफलं गोळा करते आणि टी-शर्टवर पिना लावाव्यात तशी ओळीने लावून स्वयंपाकघरात येते.

"मम्मा, लुक! हीप्स!"

"अगंबाई, केवढी जमवलीस! चावत नाहीत ना ती?"

"दे आर एम्प्टी, मम्मा," ती मला समजावून सांगते आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकारत पुन्हा बाहेर पळते.

मी सिंकपाशी उभी राहते. नळ चालू असतो. न्यूझीलंडमध्ये येऊन पाच वर्षं झाली. इथला उलटा उन्हाळा, नाताळातली समुद्रावरची गर्दी, दुकानाला डेअरी म्हणणं, सगळं अंगवळणी पडलं. हा आवाज मात्र पडला नाही. माझ्या लेखी हा आवाज ऑगस्टचा आहे, आणि तो ऑगस्ट जपानमधला आहे.

नव्या शतकाची पहिलीच दोन-तीन वर्षं असतील. पुण्यात इंजिनिअरिंग करता करता मी जपानी शिकले होते, आणि एका वर्षासाठी शिष्यवृत्ती मिळून मध्य जपानातल्या एका डोंगराळ गावात शिकायला गेले होते. विद्यापीठ लहान, गाव त्याहून लहान. परदेशी विद्यार्थी मिळून बारा-तेरा. तिथल्या ऑफिसने आम्हाला प्रत्येकाला गावातलं एकेक कुटुंब जोडून दिलं होतं. राहायचं वसतिगृहातच, पण महिन्यातून एकदा त्या घरी जेवायला जायचं. मला नाकानो पती-पत्नी मिळाले. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्या तीस वर्षं घरी मुलींना चहाचा विधी शिकवणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. मी त्यांना समोर नाकानो-सान म्हणत असे, पण पुण्याला फोनवर आई विचारायची, "काय म्हणतात तुझ्या नाकानोकाकू?" त्यामुळे माझ्या मनात त्या काकूच झाल्या आणि ते काका. माझं मेघना हे नाव काही त्यांच्या तोंडात बसलं नाही. मी मेगुना-सान झाले.

मी शाकाहारी आहे हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा काकूंनी एका छोट्या वहीत लिहून घेतलं. तिथल्या साध्या वरणासारख्या सूपलासुद्धा माशाचं पाणी लागतं. काकू माझ्यासाठी वेगळं, समुद्रातल्या वाळलेल्या शेवाळाच्या पट्ट्या रात्रभर भिजवून त्याचं पाणी काढायच्या. "थोडं फिकं लागेल," असं म्हणून वाटी दोन्ही हातांनी पुढे करायच्या. मला ते फिकं सूप अजून आठवतं, थंडीत घरी आल्यासारखं वाटायचं ते पिताना.

जुलैअखेर परीक्षा संपली. त्या महिन्याच्या जेवणाच्या वेळी काकूंनी टेबलावर कॅलेंडर ठेवलं. ऑगस्टच्या चौकोनाचौकोनात निळ्या शाईने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. एक दिवस सोडून एक दिवस भरलेला. शेवाळबागेचं देऊळ. निळीच्या रंगाचा कारखाना. बाहुल्यांचं नाटक. नदीत दिवे सोडणं. चहाची मैफल. फटाक्यांची आतषबाजी. कुंभारांचं गाव.

"सुट्टीत मोकळ्या आहात ना, मेगुना-सान?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अशी ती सुट्टी सुरू झाली. आजही डोळे मिटले की मला त्यातलं सगळं एकदम दिसतं, कुठल्याही क्रमाशिवाय. निळीच्या पिंपात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की आधी हिरवं दिसायचं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जायचं. काकू दरवेळी "आता बघा, आता बघा" म्हणायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या, कापडाकडे नाही. बाहुल्यांच्या नाटकात एका बाहुलीमागे काळे कपडे घातलेली तीन माणसं होती. दहा मिनिटांत ती दिसेनाशी झाली आणि बाहुलीच तेवढी रडत राहिली. बसथांब्यावर काकूंची पांढरी छत्री, तिच्या सावलीत आम्ही दोघी दाटीवाटीने उभ्या. पर्समधून निघणारा ओला, गार, घडी घातलेला नॅपकिन. थर्मासमधला भाजक्या सातूचा थंडगार चहा. आणि डोक्यावर सतत, सगळीकडे, तो आवाज. बोलणं ऐकू येईना इतका.

काकू माझ्या दोन पावलं पुढे चालायच्या. ठरलेल्या जागी थांबायच्या, वळायच्या आणि हळू, सोप्या शब्दांत सांगायच्या. मी बावीस वर्षांची होते. पहिला आठवडा भारावून गेले. दुसऱ्या आठवड्यात थकले. तिसऱ्यात मला कंटाळा यायला लागला होता, हे आज लिहायला हरकत नाही.

शेवाळबागेच्या देवळात आम्ही सोमवारी गेलो. शनिवारी पुन्हा गेलो. मला वाटलं काहीतरी वेगळं दाखवायचं असेल. पण काकू त्याच पायरीवर थांबल्या, तशाच वळल्या. "हे शेवाळ वाढायला शंभर वर्षं लागली, मेगुना-सान. ह्याला पाऊस आवडतो, पण पायाचा स्पर्श आवडत नाही." शब्द न् शब्द तोच. "शंभर"च्या आधी घेतलेला छोटासा श्वाससुद्धा तोच. मी मान डोलावली. "असं का!" म्हटलं.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत ब्राझीलची कार्ला राहायची. संध्याकाळी मी तिला नाकानोकाकूंची नक्कल करून दाखवली. ओढणीचा किमोनोसारखा पदर केला, पायरी म्हणून उशीवर उभी राहिले, श्वास घेतला आणि म्हटलं, "शंभर वर्षं." कार्ला हसून हसून पलंगावर आडवी झाली. मीही हसले. मला वाटायचं, ही जपानी माणसांची रीतच आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तशीच, नीट करायची.

नदीत दिवे सोडायच्या संध्याकाळी गेलेल्या माणसांची नावं कागदी कंदिलावर लिहायची असतात. काकूंनी मलाही एक कंदील दिला, मी आजोबांचं नाव देवनागरीत लिहिलं. काकूंना ते अक्षर फार आवडलं, वरच्या रेघेवर बोट फिरवून म्हणाल्या, "दांडीवर कपडे वाळत घातल्यासारखं." मग त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव लिहायला घेतलं. पहिलं अक्षर झालं आणि ब्रश तसाच थांबला. शाईचा थेंब टोकाशी जमत गेला. काका शेजारीच उभे होते. ते वाकले, कानाशी काहीतरी बोलले, आणि नाव पूर्ण झालं. मला वाटलं, बाईंना भरून आलं असेल.

त्यानंतरच्या जेवणात माझ्या सूपवर माशाचा भुगा पसरलेला होता. वाफेवर त्याचे पातळ पापुद्रे हलत होते. मी वाटी खाली ठेवली. काकू प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "आज जरा चवदार केलंय." काकांनी त्यांच्याकडे बघितलं, उठले, माझी वाटी आत नेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात होते. परत आले तेव्हा वाटीत साधा भात होता आणि त्यावर थोडे भाजलेले तीळ. "माफ करा, मेगुना-सान." एवढंच म्हणाले. मी मनात रागावले होते. सहा महिने झाले तरी ह्यांना एवढं लक्षात राहू नये?

आता इथे, ह्या स्वयंपाकघरात उभी राहून मी बावीस वर्षांच्या त्या मुलीला हाका मारते. अगं, बघ की. तुझ्यासमोरच चाललंय सगळं. पण ती ऐकत नाही. तिला आपण किती दमलोय ह्याचंच कौतुक आहे.

त्या महिन्यातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी कुंभारांच्या गावाला जायचं होतं. दहाच्या गाडीने. सकाळी आठला कार्लाने दार वाजवलं. ती आणि आणखी तिघं समुद्रावर निघाली होती, कुणाच्यातरी गाडीत एक जागा होती. "उद्या कुंभार काही पळून जाणार नाहीत," ती म्हणाली. मी वसतिगृहाच्या जिन्याखालच्या हिरव्या फोनवरून नाकानोंकडे फोन लावला. काकूंनीच घेतला.

"माफ करा, माझं पोट फार दुखतंय. आज मला नाही जमणार."

"अरेरे! गरम पाणी प्या. पोटाला पट्टा बांधा. अंगाची काळजी घ्या, मेगुना-सान."

"काकांनाही सांगा."

"हो, हो."

फोन ठेवताना त्या तिकडे वाकल्या असणार. त्या फोनवरसुद्धा वाकायच्या.

समुद्र निळाशार होता. मी पुण्याची, पोहायला येत नव्हतं, तरी दिवसभर पाण्यात बसले. मोठमोठ्याने गाणी म्हटली. परत येताना खांदे आणि नाक भाजून लाल झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसतिगृहाच्या दारात काका उभे. त्या उन्हात कोट घातलेला. हातात मिठाईची पेटी, कागदात नीट गुंडाळलेली. मला बघताच ते वाकले, आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "काल तुम्हाला बरं नव्हतं. आज पोट कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हटलं.

त्यांची नजर एक क्षण माझ्या खांद्यांवर गेली आणि परत आली. बस, एक क्षण.

आम्ही दारापाशीच्या बाकावर बसलो. मग ते सांगायला लागले, वर्गात गणित समजावून सांगावं तसं, पायरीपायरीने. काल ते एका मित्राच्या अंत्यविधीला परगावी गेले होते. काकूंना माझा फोन आलेला आठवला नाही; त्यांनी तो छोट्या वहीत लिहून ठेवलेला काकांना रात्री सापडला. त्या किमोनो घालून, थर्मास भरून, दहा वाजता स्टेशनवर गेल्या आणि नेहमीच्या घड्याळाखाली उभ्या राहिल्या. स्टेशनातल्या माणसाने एक वाजता त्यांना खुर्ची दिली. "विद्यार्थिनी यायची आहे," असं त्या त्याला सांगत होत्या. तीनच्या सुमारास त्यांना वाटलं असावं की मी आधीच पुढे गेले, म्हणून त्या एका गाडीत चढल्या. ती गाडी कुंभारांच्या गावाची नव्हती. ती लाइन जिथे संपते तिथे त्या उतरल्या, आणि तिथून पोलिसांनी काकांना फोन केला, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"तिला काही लागलं नाही," ते म्हणाले. "पाय सुजलेत, तेवढंच. पण तिला एकच काळजी आहे, मेगुना-सान वाट बघत राहिल्या असतील. म्हणून मी आलो."

डोक्यावर तो आवाज, आणि मध्ये मध्ये एकदम शांतता.

"वसंतात डॉक्टरांनी सांगितलं," काका पुढे म्हणाले. "पुढच्या वर्षी तिला रस्ते आठवणार नाहीत, असं. मी विचारलं, काय करायचंय तुला? परदेशी जाऊया? ती म्हणाली, मला कुणालातरी सगळं एकदा दाखवायचंय. ज्याने ह्यातलं काहीच पाहिलेलं नाही, अशा माणसाला. ते कॅलेंडर आम्ही दोघांनी बसून केलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण मग तुम्ही देवळाकडे बघितलं नसतं, तिच्याकडे बघत राहिला असतात. तिला ते नको होतं."

ते उठले, पुन्हा वाकले. "तुम्हाला फार त्रास दिला. उरलेल्या चार ठिकाणांचं राहू द्या आता. तुमची सुट्टी आहे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पोट दुखत नव्हतं. मी समुद्रावर होते. त्यांना कळलेलं होतंच, नुसतं माझ्या तोंडून यायला हवं होतं. मी पेटी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हटलं, "नाही, मी येणार. चारही ठिकाणी."

आणि गेले. फटाके बघितले, चहाच्या मैफलीत दोन तास गुडघ्यांवर बसले, कुंभारांच्या गावीही गेलो, ह्या वेळी काकाही बरोबर. काकूंनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. काकांनी भाकीत केलं होतं तसंच झालं, मी काकूंकडेच बघत राहिले. एकदा कुंभाराच्या चाकापाशी काकू वळल्या, "आता बघा" म्हणाल्या, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. नंतर परतीच्या गाडीत खिडकीबाहेरच बघत होत्या. कळल्यानंतर मी फार चांगली वागले. त्या चांगलं वागण्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

वर्ष संपलं. स्टेशनवर निरोप घेताना मी म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की येते." सगळेच म्हणतात. काकूंनी मान डोलावली, आणि काकांनी त्यांचा हात धरला होता.

मग पुणे, नोकरी, अभिजितशी लग्न, आणि त्याच्या कामामुळे वेलिंग्टनजवळचं हे पोरिरुआ. मी इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. जपानी आता कुणाशी बोलायची वेळ येत नाही. दर नव्या वर्षाला काकांचं कार्ड यायचं, कठीण अक्षरांवर माझ्यासाठी बारीक पेन्सिलीने उच्चार लिहिलेले. पहिल्या वर्षी, "ती तुमची आठवण काढते." मग, "ती कधी कधी आठवण काढते." मग, "बाग चांगली आली आहे." दोनदा तिकिटं बघून ठेवली. एकदा ईरा पोटात होती, एकदा घर घेत होतो. अभिजित म्हणायचा, "अगं, नुसता फोन तर कर." मी म्हणायचे, फोनवर काय बोलणार, समोर बसून बोलायचंय.

ह्या जानेवारीत कार्ड आलं नाही. त्याऐवजी पत्र आलं, काकांच्या पुतणीचं, मोडक्या इंग्रजीत. काका नोव्हेंबरात गेले. बागेत झाडं छाटताना पडले ते उठलेच नाहीत. काकू गेली दोन वर्षं वृद्धाश्रमात आहेत. त्यांना काकांचं सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते दर सकाळी नव्याने सांगावं लागेल. पत्राच्या शेवटी तिथला नंबर होता, आणि ती दर शनिवारी तिथे असते असं लिहिलं होतं.

तीन शनिवार मी तो नंबर फ्रिजवर लावून ठेवला. चौथ्या शनिवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, अभिजित ईराला टॉग्ज घालून पोहायला घेऊन गेला होता. घर रिकामं होतं. टेकडीवर ते किरकिरत होते. मी खिडक्या लावून घेतल्या आणि फोन लावला.

पुतणीने घेतला. तिने काकूंच्या कानाशी फोन धरला असावा, आधी नुसता श्वास ऐकू आला. मग तोच आवाज, जरा पातळ झालेला.

"हॅलो. कोण बोलतंय, विचारू का?"

"मी मेगुना. भारतातली. विद्यार्थिनी."

"हो का? बरं बरं. फार आभारी आहे." कळलं नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलायची अदब होती ती, आवाजाच्या कडेकडेने चालणारी.

माझं जपानी गंजलेलं. तीन आठवडे मनात घोकलेली वाक्यं एकदम सैरावैरा झाली. "मला तुमची माफी मागायची आहे," मी म्हटलं. "एका रविवारी एक बाई माझ्यासाठी स्टेशनवर थांबल्या होत्या. खूप वेळ, उन्हात. मी आजारी आहे असं सांगितलं होतं, पण मी आजारी नव्हते. मी खोटं बोलले. मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले होते. कितीतरी वर्षं झाली. मी कधी सांगितलंच नाही."

मला वाटलं फोन कट झाला.

"समुद्र छान होता का?" काकूंनी विचारलं.

"हो. छान होता."

"मग बरं झालं." मी नाक ओढलेलं त्यांना ऐकू गेलं असावं. "तुम्ही रडू नका. त्या बाई आता विसरल्या असतील."

"मला नाही विसरता येत."

"नाही ना?" त्या अगदी हळू, मायेने म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, खाजगीतलं सांगावं तसं, "मलाही एक काळजी आहे. इथे कुणाला सांगत नाही. आमचे हे सकाळीच बागेत गेलेत, अजून आले नाहीत. तुम्हाला वाटेत कुठे दिसले का?"

सगळी भाषा एकदम परत आली, नीट, स्वच्छ, जशी तेव्हा होती.

"दिसले," मी म्हटलं. "झाडं छाटतायत. थोडा वेळ लागेल, असं म्हणाले."

"असं का!" काकूंनी मोठा श्वास सोडला. "मग मी थांबते."